अकरावं टेबल

पुणे, ता. १९ जून १९४९

गैबी यास अनेक आशीर्वाद.

पुण्यात येऊन तीन आठवडे झाले. दोन खोल्या मिळाल्या आहेत, घरात नळ आहे, विजेचा दिवा आहे. पगार कोल्हापूरच्या जवळजवळ दुप्पट. तुझ्या वहिनींचे पाय जमिनीवर नाहीत. "संस्थान विलीन झालं ते आपल्या पथ्यावरच पडलं," असं त्या शेजारणींना सांगत असतात. नंदिनीलाही शाळा आवडली. एकूण सगळे सुखी आहेत, मी सोडून.

कोल्हापुरात मी दफ्तरदार होतो. फेटा बांधून मंगळवार पेठेतून निघालो की दुकानदार उठून उभे राहत. इथे बारा कारकुनांत माझं टेबल अकरावं. हुकुमावर लिहिलंय 'कनिष्ठ कारकून'. पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस कनिष्ठ! फेटा बांधून पहिल्या दिवशी गेलो तर पोरंसोरं गालात हसली. आता काळी टोपी घालतो. मला 'संस्थान' म्हणतात. "काय संस्थान, चहा घेणार का?" चहा मात्र कोणी आणत नाही.

असो. हे फार दिवस चालायचं नाही. आपल्या दफ्तरखान्यात कागदांच्या गाठोड्यांचे अकराशे रुमाल आहेत आणि कुठल्या रुमालात कुठल्या गावचे कागद बांधलेत याची यादी कोणी केलेली नाही. ती माझ्या डोक्यात आहे. मी निघताना नव्या साहेबांनी मागितली, मी म्हटलं, सवडीने करू. तीन महिन्यांत मला सन्मानाने परत बोलावतात की नाही बघ.

माझ्या जागेवर कोण बसतं ते कळव. कागद चिकटवायच्या खळीत मोरचूद घालायला विसरू नकोस, नाहीतर कागदांना कसर लागेल. तुझ्या बायकोला, सुगराला आशीर्वाद.

तात्या

कोल्हापूर, ता. ४ जुलै १९४९

तात्यासाहेबांच्या सेवेशी गैबीचा सलाम.

पत्र मिळालं. रोजे चालू आहेत, त्यामुळे माझं डोकं जरा गरम आहे, काही कमीजास्त लिहिलं तर पोटात घाला. शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो. तुम्हीच चार शिव्या घालून घालून शिकवलंय.

तुमच्या जागेवर कोणी बसत नाही. एक नवा कारकून पाठवला होता, त्याला मोडी वाचता येत नाही. त्याने आठ दिवसांत तीस रुमाल सोडले, एकही धड बांधला नाही, आणि नववा दिवस उजाडायच्या आत बदली करून घेतली. मी बायंडर माणूस, मला कागद शिवता येतात, मोडीचं एक अक्षर वाचता येत नाही. माणसं येतात, बाकावर बसतात आणि गुंडू शिपाई त्यांना हात जोडून परत पाठवतो.

त्यातली एक बाई माझ्या मनातून जात नाही. आजऱ्याची चिमणाबाई. नवरा वारला, आणि दीर म्हणतो शेत माझंच. सासऱ्यांच्या वेळचा वाटणीचा कागद आपल्याकडे आहे म्हणे. ऑगस्टच्या शेवटी निकाल आहे. कागद दाखवला नाही तर बाई दोन पोरांना घेऊन रस्त्यावर येईल. ती तीनदा येऊन गेली. "बाबा, त्यो फेटेवालं सायेब कवा येणार?" म्हणून विचारते. काय सांगू?

तुम्ही फक्त रुमालाची जागा कळवा. बाकी मी बघतो.

तुमचा गैबी

पुणे, ता. ११ जुलै १९४९

गैबी यास आशीर्वाद.

जागा कळवणार नाही. रागावू नकोस, नीट वाच.

आज एका बाईसाठी जागा सांगितली तर उद्या दहा जणांसाठी सांगावी लागेल, आणि पोस्टाच्या पाकिटातून मी फुकट दफ्तरदारी करत बसेन. मग मला परत कशाला बोलावतील? बाईला म्हणावं, रीतसर अर्ज दे, आणि माहितगार माणूस नाही अशी तक्रार वर कर. अशा शंभर तक्रारी गेल्या की वरच्यांचे डोळे उघडतील.

तिचा कागद मला डोळ्यांसमोर दिसतो. कुठली फळी, कितवा रुमाल, कोपऱ्याला तेलाचा डागसुद्धा. सबंध दिवस दिसतो. परवा इथल्या साहेबांनी मला आकड्यांची बेरीज करायला दिली आणि मी त्यात आजऱ्याचं नाव लिहून बसलो. बोलणी खाल्ली.

तात्या

कोल्हापूर, ता. २१ ऑगस्ट १९४९

तात्यासाहेबांस सलाम.

तुमचं पत्र वाचून मी महिनाभर लिहिलं नाही. मनात म्हटलं, हा माणूस पुण्यात जाऊन पार बिघडला. पण आता माझे शब्द मी परत घेतो. तुम्ही वरून नारळासारखे, हे आम्हाला माहीत होतंच.

फक्त एवढं सांगा, कोल्हापूरला येऊन घरी का आला नाही? सुगरा रुसून बसली आहे. ईदचा शिरखुर्मा तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवायची तिची रीत, या वर्षी तो शेजारी गेला.

शुक्रवारी मी नमाजाला गेलो होतो. परत आलो तर चिमणाबाई पायरीवर रडत बसलेली, आणि हातात कागद. मी म्हटलं कुणी दिला? म्हणाली, "सायबानीच की. लई वरडलं माझ्यावर. म्हनलं, आधी का न्हाय आलीस? मंग शिडीवर चढलं आन् एका दमात काढून दिलं." मी आत धावलो, तर तुम्ही गेलेले. रुमाल मात्र तुमच्या त्या डावऱ्या हाताच्या गाठीने बांधून ठेवलेला. तुमच्याशिवाय तशी गाठ कोण मारतं?

बाईने घनसाळ तांदूळ आणलाय, पायलीभर. पुण्याला कसा पाठवू?

गैबी

पुणे, ता. २५ ऑगस्ट १९४९

गैबी,

हे पत्र मी रागाने लिहीत आहे.

मी कोल्हापूरला आलेलो नाही. शुक्रवारी, एकोणीस तारखेला, मी दहापासून साडेपाचपर्यंत अकराव्या टेबलावर होतो. बारा कारकून साक्षीला आहेत.

माझा जुना गुलबक्षी फेटा दफ्तरखान्यातल्या खुंटीवर राहिलाय. तो डोक्याला गुंडाळून, माझ्यासारखं खेकसून, तू एका भाबड्या बाईला फसवलंस. तिचं काम झालं त्याचा आनंद आहे. पण कागद तुला सापडला कसा ते कळव. माझ्या पाठीमागे कधी यादी केलीस? माझ्या पोटावर पाय द्यायला तूच उरला होतास काय?

तात्या

कोल्हापूर, ता. ३० ऑक्टोबर १९४९

तात्यासाहेबांस सलाम.

दोन महिने उत्तर दिलं नाही. आधी राग होता म्हणून, नंतर भीती वाटली म्हणून.

तुमच्या पोटावर मी पाय देईन हे तुम्हाला वाटलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुमच्या फेट्याला कसरीने भोकं पाडली आहेत, तो खुंटीवर तसाच आहे, त्याला हात लावलेला नाही. आणि मोडी न येणारा माणूस अकराशे रुमालांतून एक कागद काढील, तर तो बायंडरी कशाला करील?

आता जे पाहिलं ते सांगतो. हसू नका.

बाईनंतर भुदरगडचे दोघे आले, मग कागलचा एक म्हातारा, मग राधानगरीकडचे. सगळ्यांना कागद मिळाले. सगळे तेच सांगतात, फेटेवाल्या साहेबांनी दिले. नव्या साहेबांना वाटतं हे सगळं गुंडू आणि मी करतो. त्यांनी आमची पाठ थोपटली. गुंडूला विचारलं तर तो उलट मलाच हसला. "म्हंजे काय? तात्यासायेब रोज येत्यात की. तुमीच कसं बघत न्हाय?"

म्हणून गेल्या बुधवारी मी दुपारचं काम घेऊन आतच बसलो. खळ ढवळत होतो. तीनच्या सुमाराला मागच्या फळ्यांकडे धूळ झटकल्याचा आवाज आला. मान वर केली. तुम्ही शिडीवर होता. पाठमोरे. कोटाला पाठीवर ते जुनं ठिगळ. मला काय सुचलं कोण जाणे, मी रोजच्यासारखा म्हणालो, "सलाम, तात्यासाहेब." तुम्ही मागे न बघता डावा हात हलवलात, रोजच्यासारखाच. मी खळीचं भांडं तिथेच टाकून बाहेर आलो आणि मशिदीत जाऊन बसलो.

तात्यासाहेब, खरं सांगा. तुमची तब्येत बरी आहे ना?

गैबी

पुणे, ता. ५ फेब्रुवारी १९५०

गैबी यास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रातलं वेडंवाकडं मनावर घेऊ नकोस. मी तुझा अपराधी आहे. उत्तराला उशीर झाला, कारण तुझं पत्र मी रोज वाचत होतो.

तब्येत बरी आहे. मला दुसरंच काही होतंय. गेल्या महिन्यात मी हजर असताना मस्टरवर माझ्या नावापुढे तीनदा गैरहजेरी लागली. साहेबांना जाऊन सांगितलं तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तुम्ही नव्हतात ना!" शिपाई दहाव्या टेबलावर पाणी ठेवतो आणि मला वळसा घालून बाराव्यावर जातो. मुद्दाम नव्हे रे. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. गैरहजेरीच्या तारखा ९, १७ आणि २४ जानेवारी. त्या दिवशी तिकडे काय झालं ते बघून कळव.

आणि आणखी विचारतो, खरं सांग. तो दिसतो कसा? ताठ चालतो का? लोक उठून उभे राहतात का? माझ्यापेक्षा चिडका आहे की कमी?

मला भीती वाटायला हवी. पण परवा पगार हातात आला, चांगला घसघशीत, आणि मला त्याचा हेवा वाटला. बिनपगारी काम करतो लेकाचा, आणि सुखात आहे.

एक हात जोडून विनंती. मांत्रिक, मौलवी कोणालाही आणू नकोस. त्याला तिथून हलवू नकोस.

तात्या

कोल्हापूर, ता. २० फेब्रुवारी १९५०

तात्यासाहेबांस सलाम.

तुमच्या तिन्ही तारखांना इथे कागद दिले गेले. नऊला चार, सतराला दोन, चोवीसला दिवसभर रांग होती. गुंडूला विचारून लिहितो आहे. ज्या दिवशी इथे काम जास्त, त्या दिवशी तुम्ही तिथे नसता, असं दिसतं.

ताठ चालतात. लोक उभे राहतात. मीसुद्धा राहतो. चिडके आहेत, पण इथल्या शेवटच्या वर्षी तुम्ही होता तेवढे नाहीत. तोंडावर नजर टाकायची मला अजून हिंमत झालेली नाही.

मौलवींना आणणार नाही. पण एक सांगतो, लहान तोंडी मोठा घास. माणसाने एका ठिकाणी राहावं. दोन ठिकाणी राहायला लागला की एकीकडचा झिजतो, आणि मला वाटतं तो तुम्ही आहात. परत या, नाहीतर पुरते तिकडचे व्हा.

गैबी

पुणे, ता. १६ मार्च १९५२

गैबीभाईंना सरोजिनी हेर्लेकर यांचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. आता दुसरा कोणी आठवेना.

कचेरीत हुकूम झालाय. कोल्हापूरचे सगळे रुमाल ट्रकने पुण्याला आणायचे आहेत, पण कुठे काय आहे याची यादी असल्याशिवाय हलवता येत नाहीत. साहेबांनी यांना बोलावून सांगितलं, एकतीस मार्चच्या आत यादी द्या, तुम्हाला वरिष्ठ करतो, दफ्तराचा सगळा विभाग तुमच्या हाताखाली देतो. नाही दिली तर पेन्शनीपर्यंत आहात तिथेच. हे ज्याच्यासाठी तीन वर्षं झुरले ते पायांनी चालत दारात आलंय, भाऊ. माझा तर आनंद मावेना.

यांनी रविवारी रविवारी बसून यादी लिहिलीसुद्धा. अकराशे रुमाल, एक खाडाखोड नाही. पण द्यायला तयार नाहीत. म्हणतात, "रुमाल हलले की तो कुठे जाईल?" कोण तो, विचारलं तर यादी उचलून पेटीत ठेवतात. जेवायला बसतात, पान तसंच राहतं. परवा नंदिनी बाहेरून आली आणि हे समोर खुर्चीवर बसलेले असताना मला म्हणाली, "आई, बाबा अजून आले नाहीत?" मी तिच्या थोबाडीत मारली. नंतर तिला जवळ घेऊन दोघी रडलो.

आता म्हणतात, कोल्हापूरला जाऊन यादी एकदा ताडून बघतो आणि मग देतो. अठ्ठावीसला येतील. तुम्ही त्यांना ती खोली दाखवा. तिथे कोणी नाही, नुसती धूळ आहे, हे त्यांच्या डोळ्यांना दिसू दे. माझ्या माणसाला मला परत पाठवा.

सरोजिनी

कोल्हापूर, ता. २० मार्च १९५२

तात्यासाहेबांस सलाम.

वहिनींचं पत्र आलं. यादी देऊन टाका. रुमाल गेले तर माझं काम जाईल, त्याची फिकीर करू नका. शाळेची पुस्तकं बांधीन, लग्नाच्या पत्रिका कापीन, सुगरा आणि मी दोन माणसं, आम्हाला किती लागतं? तुम्ही वरिष्ठ व्हा. तिथल्या पोरासोरांना उभं राहू दे तुमच्यापुढे.

अठ्ठावीसला शुक्रवार आहे. मी नमाजाहून दोनपर्यंत येतो. तोवर एकटे आत जाऊ नका. आपण दोघे जाऊ. इतकी वर्षं तोंड बघायचं टाळलं, तुम्ही बरोबर असाल तर बघीन.

गैबी

पुणे, ता. २ एप्रिल १९५२

गैबी यास अनेक आशीर्वाद.

तू दोनला आलास, चारपर्यंत माझी वाट पाहिलीस आणि तात्या आलेच नाहीत म्हणून वहिनींना तार केलीस. तार मीच घेतली. मी आलो होतो.

एक वाजताच पोचलो. यादी कोटाच्या आतल्या खिशात होती. मनाशी ठरवलं होतं, तुझ्याबरोबर आत जायचं, फळ्या ताडून बघायच्या, रात्रीच्या गाडीने परतायचं आणि शनिवारी यादी साहेबांच्या हातात ठेवायची. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी इतके दिवस अन्न सोडलं याची मलाच लाज वाटत होती.

व्हरांड्यात बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. दारात गुंडू. चौदा वर्षं ज्याने माझी छत्री धरली तो गुंडू. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्या टोपीकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं, नीट बघितलं गैबी, आणि म्हणाला, "पावणं, बसा की बाकावर. नंबरानं सोडतोय."

मी म्हटलं, आत कोण आहे?

"कोण म्हंजे? तात्यासायेब हायत. नवीन दिसतासा. कुठनं आलासा?"

मी म्हटलं, पुण्याहून.

"मंग एवढ्या लांबनं आलासा तर काम हुतंय बगा. सायेब तोंडानं फाटकं हायत, पर मानूस न्हाय रिकामा पाठवत. घाबरू नगासा."

मी बाकावर बसलो. शेजारच्या म्हातारीने सरकून जागा दिली. दार अर्धवट उघडं होतं. आतून आवाज आला, "गाव कुठलं? आज्याचं नाव सांग." माझाच आवाज, पण माझा इथला आवाज नव्हे. इथे मी हळू बोलतो, हे मला तेव्हा कळलं. आतला आवाज भरदार होता. पहिला माणूस बाहेर आला तेव्हा कागद त्याने छातीशी धरला होता. बाक उठून उभा राहिला. मीसुद्धा उठून उभा राहिलो.

माझा नंबर आला तेव्हा गुंडू म्हणाला, "चला पावणं." उंबऱ्यापर्यंत गेलो. आत जाऊन काय म्हणणार होतो? ऊठ, ही जागा माझी आहे? त्याने हुकूम दाखव म्हटलं असतं तर माझ्याकडे कनिष्ठ कारकुनाचा हुकूम आहे. खिशातली यादी त्याच्या टेबलावर ठेवली असती तर आठ दिवसांत ट्रक आले असते आणि ती खोली रिकामी झाली असती. पुण्यात मला खुर्ची मिळाली असती, तीवर मी बसलो असतो, आणि माझ्यासमोर उभं राहणारं असं कोणी इथे नाही. बाकावरच्या त्या म्हातारीचं काय झालं असतं ते तूच सांग. मी म्हटलं, "माझं काम झालं," आणि फिरलो. गुंडू मागून ओरडत होता, "अवो पावणं, सायेब बलीवत्यात!"

शनिवारी साहेबांना सांगितलं, यादी करता येत नाही, सगळं विसरलो. त्यांनी कागदावर शेरा मारला. आता पेन्शनीपर्यंत अकरावं टेबल. सरोजिनीबाई चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना कसं सांगू की मी रिकाम्या हाताने आलो नाही? इतकी वर्षं वाटत होतं की माझी सगळी इज्जत गेली. ती गेलेली नाही. मी ती पाहून आलो. ती तिथे फेटा बांधून बसली आहे, फक्त मी तिच्याबरोबर नाही. पगार इथे वेळेवर होतो, नंदिनीची फी जाते, घरात दिवा लागतो. तेवढ्यापुरता मी इथे आहे.

तुझी नोकरीही त्यामुळे राहील, म्हणून मला बरं वाटतं. त्याचं तोंड बघायला घाबरू नकोस. तो तुला ओळखतो. मला तिथे कोणी ओळखलं नाही, गैबी, आणि इथे तर पहिल्यापासूनच कोणी ओळखत नव्हतं.

यापुढे मला पत्र लिहू नकोस. तात्यांशी काही बोलायचं असेल तर आत जाऊन बोल.

गं. रा. हेर्लेकर
कनिष्ठ कारकून